नाण्यांचे धनी

१९४८ पूर्वीं जालना, अंबड, भोकरदन येथील बाजारांत दोन प्रकारचे रुपये चालत असत. एक निजाम सरकारचा हाली शिक्का व दुसरा इंग्रज सरकारचा कलदार. सहा कलदार रुपयांस सात हाली रुपये असा सर्वसाधारण हिशेब असे. सौदा ठरवितांना, भाव हालींत बोलावयाचा कीं कलदारांत, हें आधीं स्पष्ट करून घ्यावें लागे. आणि एकांतून दुसऱ्यांत जावयाचें म्हणजे सराफाचा बट्टा सोसावा लागे. यावरून असें दिसेल कीं, नाण्याला एकाच वेळीं दोन धनी असतात. ज्याच्या गांठीला तें आहे तो एक, आणि ज्याचा शिक्का त्याच्या अंगावर आहे तो दुसरा. पहिला धनी बाजाराच्या दिवशीं चारदां बदलेल, व त्याची नोंद बहुधा कोठेंच राहणार नाहीं. दुसरा धनी मात्र राज्य पालटल्यावांचून बदलत नाहीं, आणि त्याची नोंद नाणें स्वतःच बाळगून असतें.

जुन्या नाण्याचे हे दोन्ही प्रकारचे धनी ओळीनें शोधून काढणें हा इतिहासाच्या अभ्यासाचा एक मोठा मनोवेधक भाग आहे. काम अवघड खरें. कारण चांदीला वाचा नसते, आणि तिचे मालक आपलीं नांवें तिच्यावर कोरून ठेवीत नाहींत. तथापि महाराष्ट्रांत एक असा ठेवा सांपडला आहे कीं, त्यांतील नाण्यांनीं आपल्या धन्यांची हकीकत पुष्कळशी आपण होऊनच सांगितली. तो ठेवा जोगलटेंभीचा होय.

त्या हकीकतीशीं जालना जिल्ह्याच्या भूमीचा निकटचा संबंध आहे. हा जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९८१ रोजीं. परंतु येथील वसाहत फार जुनी. केळणा नदीच्या कांठचें भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांना ज्यांनीं दानें दिलीं त्यांत भोगवर्धनचे रहिवासी होते, असें तेथील शिलालेखांवरून दिसतें. १९७३ सालीं भोकरदन येथें उत्खनन झालें, तेव्हां सातवाहनांच्या काळची भरभराटीची वस्ती व त्या राजांचीं नाणीं उजेडांत आलीं. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्याच कांठीं वरच्या अंगाला पैठण, म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. आणि आणखी वर, नाशिक जिल्ह्यांत, जोगलटेंभी हें गांव. प्रतिष्ठानचें राज्य एकदां परक्यांच्या हातीं कसें खचलें, व पुन्हां कसें सांवरलें, याची साक्ष या गांवच्या जमिनीनें सुमारें अठराशें वर्षें आपल्या पोटांत जपून ठेविली होती.

१९०६ सालीं ती साक्ष बाहेर आली. जोगलटेंभी येथें चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड ठेवा सांपडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनीं त्यांतील नाणीं तपासून १९०८ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या पत्रिकेंत त्यांची सविस्तर माहिती प्रसिद्ध केली. नाण्यांची संख्या भरली १३,२५०. नाणें लहान, साधारण दोन ग्रॅम वजनाचें. परंतु सर्व मिळून चांदी पंचवीस किलोंहून अधिक होते. आणि नवल असें कीं, मुळांत हीं सर्व नाणीं एकाच राजाच्या नांवाचीं आहेत. तो राजा क्षहरात वंशांतील क्षत्रप नहपान.

नहपानाच्या नाण्याच्या एका अंगावर राजाचें मस्तक व त्याच्याभोंवतीं ग्रीक अक्षरें आहेत. दुसऱ्या अंगावर बाण व वज्र या खुणा असून राजाचें नांव ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिप्यांत लिहिलेलें आहे. ब्राह्मीतील लेख ‘राञो क्षहरातस नहपानस’ असा वाचतात. एका लहानशा नाण्यावर तीन लिप्या कां असाव्या? ग्रीक अक्षरें व खरोष्ठी लिपि हा वायव्येकडचा वारसा. ब्राह्मी ही या देशांतली. उत्तरेकडून आलेलें घराणें दक्षिणेंत राज्य करूं लागलें म्हणजे त्याला नव्या प्रजेच्या लिपींत बोलावें लागतें, आणि जुनी ओळखही सोडवत नाहीं. स्कॉटसाहेबांस या ठेव्यांत आणखी एक गोष्ट आढळली. नांव सर्वत्र नहपानाचें, पण चेहरे एकसारखे नाहींत. कोठें नाक सरळ तर कोठें बांकदार, कोठें तरुण मुख तर कोठें गाल बसलेला वृद्ध. एकाच घराण्यांतील अनेक पुरुषांचे हे चेहरे असावेत अशी त्यांची कल्पना होती. दीर्घ कारकीर्दींत निरनिराळ्या कारागिरांनीं ठसे खोदले म्हणजेही असा फरक पडतो, ही गोष्ट येथें ध्यानांत घ्यावी लागते.

नहपान हा या चांदीचा पहिला राजा. पण चांदीचा पहिला धनी तो नव्हे. महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणांत चांदीच्या खाणी नाहींत. मग इतकी चांदी आली कोठून? या प्रश्नाचें उत्तर शोधतांना इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेंतील प्रवासवर्णनाकडे वळावें लागतें. त्याच्या कर्त्याचें नांव उपलब्ध नाहीं. पण तो मिसर देशांतून व्यापारी जहाजांच्या मार्गानें हिंदुस्थानच्या किनाऱ्यास आलेला अनुभवी मनुष्य होता. भडोच बंदराविषयीं तो लिहितो कीं, तेथें रोमची सोन्याचांदीचीं नाणीं आणलीं तर तेथील चलनाशीं बदलतांना नफा होतो. पैठणहून गाड्यांनीं रंगीत खडे येतात, तगर म्हणजे आजच्या तेरहून कापड येतें, अशीही नोंद त्यानें केली आहे. भडोच प्रांताचा जो राजा तो सांगतो, तो नहपानच असावा असें बहुतेक विद्वान मानतात. तेव्हां रोमच्या चांदीनें समुद्र ओलांडला, भडोचला ती उतरली, आणि तेथील टांकसाळींत आटून तिच्यावर नहपानाचें मुख उमटलें, असा या चांदीचा पूर्वेतिहास विद्वानांनीं बांधला आहे. पैठणचे खडे आणि तेरचें कापड ज्यांनीं पिकविलें, विणलें, गाड्यांत भरलें, त्यांच्या घामाचा मोबदला या मार्गानें देशांत येत होता.

राजाच्या टांकसाळींतून निघाल्यावर हें नाणें कोणाच्या हातीं पडलें, तेंही समजण्याची सोय आहे. आणि ती सोय नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत, म्हणजे प्राचीन त्रिरश्मि पर्वतावरील लेण्यांत आहे. नहपानाचा जांवई उषवदात यानें तेथें दहाव्या क्रमांकाचें लेणें कोरविलें, आणि त्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या योगक्षेमासाठीं ३,००० कार्षापण कायमचे ठेविले. ठेविले ते देवळांत पुरून नव्हे, तर जवळच्या गोवर्धन नगरांतील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एकीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेंकडा एक व्याजानें. दुसरीकडे १,०००, दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, व्याज तेवढें उपभोगावयाचें, अशी अट होती. पहिल्या रकमेच्या व्याजांतून वीस भिक्षूंना प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं मिळावयाचे. हिशेब करून पाहिला तर तो चोख उतरतो: दोन हजारांचें वर्षाचें व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा तेवढेच. त्याच लेखांत पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण असा भावही नोंदलेला आहे.

लेखांतील हे कार्षापण म्हणजे नहपानाचींच चांदीचीं नाणीं, असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे. तें धरून चाललें तर चित्र स्पष्ट होतें. राजाच्या कोठारांतून नाणें जांवयाच्या हातीं आलें, त्याच्याकडून विणकरांच्या श्रेणीकडे गेलें, तेथें सुताच्या खरेदींत फिरलें, आणि त्याचें व्याज भिक्षूच्या अंगावर वस्त्र होऊन पडलें. ज्या पहिल्या प्रकारच्या धन्याची नोंद सहसा राहत नाहीं, त्याची नोंद येथें खडकांत कोरून राहिली.

परंतु लवकरच दुसऱ्या प्रकारचा धनी बदलला. प्रतिष्ठानच्या सातवाहन कुळांत गौतमीपुत्र सातकर्णि हा पराक्रमी राजा उदयास आला. त्यानें नहपानाची सत्ता उलथून पाडली. क्षहरात वंशाचा त्यानें निःशेष उच्छेद केला व सातवाहन कुळाचें यश पुन्हां प्रस्थापित केलें, असें त्याची माता गौतमी बलश्री हिच्या लेखांत म्हटलें आहे. हा लेख त्याच पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत असून तो गौतमीपुत्राच्या मागून आलेल्या पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षीं कोरलेला आहे. राजमातेनें पुत्राच्या कीर्तीविषयीं लिहविलेला लेख. त्यांत गौरवाची भाषा असणारच. इतिहासाला अशा वेळीं दुसरा साक्षीदार हवा असतो. जोगलटेंभीच्या ठेव्यानें तो पुरविला.

कारण त्या १३,२५० नाण्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक, म्हणजे सुमारें दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला शिक्का पुन्हां मारलेला आहे. एका अंगावर तीन कमानींचें चैत्य व भोंवतीं ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ हीं अक्षरें. दुसऱ्या अंगावर चार वर्तुळें क्रुसानें जोडलेलें, ज्याला उज्जयिनी-चिन्ह म्हणतात तें. नाणें वितळवून नवें पाडलेलें नाहीं. जुनें नाणेंच दोन नव्या ठशांमध्यें धरून वरून घाव घातला आहे. त्यामुळें जुना शिक्का पुरा पुसला गेला नाहीं. चैत्याच्या कमानीखालून नहपानाचें नाक डोकावतें; उज्जयिनी-चिन्हाच्या कडेला त्याच्या नांवाचें एखादें अक्षर शिल्लक राहतें. जित आणि जेता असे एकाच तुकड्यावर दाटीवाटीनें बसलेले आहेत.

गौतमीपुत्रानें चांदी वितळविली कां नाहीं, हा प्रश्न साहजिक आहे. सातवाहनांचें नित्याचें चलन मुख्यतः शिसें, तांबें व मिश्र धातु यांचें. चांदीचें नाणें नहपानाच्या मुलखांत लोकांच्या अंगवळणीं पडलेलें, वजनाला भरंवशाचें. तें बंद केलें असतें तर विणकर, सराफ, सार्थवाह साऱ्यांचेच व्यवहार अडले असते. वितळविण्यांत घट येते, इंधन लागतें, वेळ जातो. नुसता शिक्का मारला म्हणजे नाणें तेंच राहतें, वजन तेंच राहतें, आणि बाजारांत नाणें घेणाऱ्या प्रत्येकाला कळतें कीं आतां राजा कोण. आज्ञापत्र सर्वांनाच वाचतां येत नाहीं. शिक्का मात्र डोळ्यांनीं न पाहतांही बोटाला लागतो.

नाण्यांचें जें झालें तेंच जमिनीचेंही झालें, याला त्याच लेण्यांत प्रत्यक्ष पुरावा आहे. गौतमीपुत्रानें आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षीं गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित यास आज्ञा पाठविली कीं, पश्चिम काखडी गांवांतील जें २०० निवर्तनें शेत पूर्वीं उषवदाताकडे होतें तें भिक्षूंना द्यावें. जुन्या धन्याचें नांव पुसून टाकलेलें नाहीं. उलट शेताची ओळख पटावी म्हणून तें मुद्दाम नमूद केलें आहे. सहा वर्षांनीं, चोविसाव्या वर्षीं, दुसरी आज्ञा निघाली. तिच्यावरून कळतें कीं तें गांव ओस पडलें, शेत पिकत नाहीं, म्हणून भिक्षूंना दुसरीकडे १०० निवर्तनें द्यावीं. राजा जिंकला, शिक्का बदलला, पण कसणारा कुणबी गांव सोडून गेला तर राजाचें दान खडकावरच राहतें. युद्धाचा हा परिणाम जयघोषाच्या लेखांत सांपडत नाहीं. तो अशा हिशेबी कागदांत सांपडतो.

आतां या ठेव्यानें इतिहासाच्या पदरांत काय टाकलें तें पाहावें. एक तर, नहपान व गौतमीपुत्र यांच्या दरम्यान दुसऱ्या कोणा राजाचें नाणें त्यांत नाहीं. म्हणजे नहपानाच्या चलनावर सत्ता आली ती थेट गौतमीपुत्राची. जुन्नरच्या एका लेखांत नहपानाच्या कारकीर्दीशीं ४६ हें वर्ष जोडलेलें आहे, आणि गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षीं नाशिक त्याच्या ताब्यांत आहे. हीं दोन टोकें सांधणारा दुवा म्हणजे हीं नाणीं. हें ४६ वें वर्ष शक संवत्सराचें मानावें कीं नहपानाच्या स्वतःच्या राज्याचें, यावर विद्वानांत मतभेद आहेत. परंतु दोन्ही पक्षांना जोगलटेंभीच्या पुराव्याशीं मेळ घालूनच पुढें जावें लागतें. दुसरें असें कीं, चार हजारांच्या आसपास नाण्यांवर नवा शिक्का नाहीं. राज्य पालटल्यावरही जुनीं व पुन्हां शिक्का मारलेलीं नाणीं एकाच गांठोड्यांत नांदत होतीं. बाजारानें दोन्ही राजे कांहीं काळ शेजारीं शेजारीं बाळगले, जसे पुढें अनेक शतकांनीं जालन्याच्या बाजारानें हाली व कलदार बाळगले.

आणि ठेवा पुरणारा तो प्राचीन काळचा शेवटचा धनी? त्याचें नांव नाण्यांवर नाहीं, पण त्याची ऐपत मोजतां येते. उषवदाताच्या राजेशाही देणगीच्या चौपटीहून अधिक रक्कम त्याच्यापाशीं होती. पस्तिसाच्या भावानें ती ३७८ सुवर्णांइतकी होते. हा सामान्य गृहस्थाचा संचय नव्हे. एखादी श्रेणी, एखादा मोठा सार्थवाह किंवा राजकोशाशीं संबंध असलेला कोणी अधिकारी, यांच्याच हातीं एवढें धन एकवटूं शकतें. त्यानें तें पुरलें ते पुन्हां काढण्याच्या आशेनेंच. काढावयास तो आला नाहीं, एवढ्यावरून त्याच्या नशिबीं काय आलें असेल याची कल्पना करवते.

१९०६ नंतर नाण्यांचे धनी पुन्हां बदलले. १८७८ च्या ठेव्यांविषयींच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन जमिनींत सांपडल्यास कलेक्टरास वर्दी द्यावी लागते. मूळ मालक न ठरल्यास, आणि दुसरा करार नसल्यास, तीन चतुर्थांश सांपडविणाऱ्यास व एक चतुर्थांश जागेच्या मालकास मिळतो. सरकारला ठेवा घ्यावयाचा असेल तर धातूची किंमत व तिच्यावर पांचवा हिस्सा अधिक देऊन तो घेतां येतो. वर्दी न दिल्यास आपला हिस्सा गमवावा लागतो व शिक्षाही होते. जोगलटेंभीचीं नाणीं पुढें पांगलीं. कांहीं मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत, कांहीं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें, कांहीं खासगी संग्राहकांकडे. पण पांगण्यापूर्वीं तीं एकत्र मोजलीं गेलीं, हें महाराष्ट्राचें भाग्य. एकेकटें नाणें एवढेंच सांगूं शकलें असतें कीं, गौतमीपुत्रानें नहपानाच्या नाण्यावर शिक्का मारला. दोन तृतीयांश कोणतीं, एक तृतीयांश कोणतीं, तिसऱ्या राजाचें एकही कसें नाहीं, हें सांगण्यास तेरा हजारांची सभा भरावी लागली.

धन्यांच्या अशा परंपरेला परदेशांत किती मोल देतात, याचें उदाहरण अमेरिकेंत पाहावें. त्या राष्ट्राची पहिली टांकसाळ १७९२ च्या कायद्यानें फिलाडेल्फिया येथें निघाली, आणि १५ ऑक्टोबर १७९४ रोजीं तिनें चांदीचे पहिले १,७५८ डॉलर तयार करून दिले. त्यांतले आज दीडशेंच्या आसपास उरले आहेत. त्या वर्षाचा एक डॉलर २०१३ सालीं न्यूयॉर्कच्या लिलावांत एक कोटीहून अधिक डॉलरांस गेला. अशा नाण्याबरोबर त्याच्या पूर्वीच्या धन्यांची यादी चालते. कोणत्या सालीं कोणाच्या संग्रहांतून कोणाकडे गेलें, हें लिलावाच्या छापील याद्यांवरून पडताळून पाहतात. १९६४ सालीं लंडन येथें लॉर्ड सेंट ऑस्वल्ड यांच्या घराण्यांतील नाणीं विकलीं गेलीं. त्यांत १७९४ चे दोन डॉलर जणूं कालच पाडलेले असावेत असे टवटवीत होते. घराण्याच्या सर रोलंड विन नांवाच्या पूर्वजानें ते अमेरिकेच्या प्रवासांतून आणले, अशी कथा रूढ झाली. पुढें अभ्यासकांनीं कागदपत्रें तपासलीं तेव्हां दिसलें कीं, ते गृहस्थ अमेरिकेस गेलेच नव्हते. त्या काळांत अमेरिकेचा प्रवास केला होता तो विल्यम स्ट्रिकलंड नांवाच्या दुसऱ्याच यॉर्कशरकरानें, आणि नाण्यांचा उगम त्याच्याकडे जातो. दोनशें वर्षांपूर्वींचा खरा धनी सांपडला तो जपून ठेविलेल्या कागदांमुळें. तिकडे अवघ्या दोन नाण्यांसाठीं एवढी चिकाटी. इकडे शेंकडों नाणीं एका दिवसांत सोनाराच्या मुशींत जातात.

हें शेवटचें वाक्य कठोर वाटेल, पण तें खोटें नाहीं. गोदावरीच्या खोऱ्यांत जुन्या गांवठाणाची पांढरी नाहीं असें गांव विरळा. पावसानें ती धुपली, किंवा खतासाठीं तिची माती नेली, म्हणजे नाणीं, मणी, खापरें वर येतात. नाणें चांदीचें असेल तर तें आटतें. तांब्याशिशाचें असेल तर मुलांच्या खेळांत जातें. कोणी हौशी मनुष्य तें विकत घेतो, चिंचेनें घांसून लख्ख करतो, आणि त्याबरोबर त्यावरची उरलींसुरलीं अक्षरेंही घालवितो. नाणें वांचलें तरी तें कोणत्या गांवीं, कोणत्या शेतांत, कोणत्या भांड्यांत, आणखी कोणत्या नाण्यांबरोबर होतें, ही माहिती तेथल्या तेथें मरते. ती एकदां गेली म्हणजे कोणताही पंडित ती परत आणूं शकत नाहीं.

म्हणून भोकरदन-अंबडकडील शेतकऱ्याच्या नांगराला उद्यां एखादें गाडगें लागलें, तर त्यानें करावयाच्या गोष्टी अगदीं साध्या आहेत. नाणीं वांटून घेऊं नयेत, घांसूं नयेत, भांडें फुटलें तरी त्याचीं खापरें टाकूं नयेत, आणि तहशील कचेरीमार्फत कलेक्टरास वर्दी द्यावी. त्याचा हिस्सा कायद्यानें त्याला मिळतो. शाळामास्तरानें गट नंबर, तारीख व नाण्यांची संख्या एका कागदावर लिहून ठेवावी, म्हणजे त्या ठेव्याच्या धन्यांची यादी जेथें तुटली असती तेथून पुढें चालूं लागेल. जोगलटेंभीची चांदी रोमकरांची झाली, नहपानाची झाली, विणकरांची झाली, गौतमीपुत्राची झाली. आज ती कांचेच्या कपाटांत आहे. तिची हकीकत मात्र महाराष्ट्राच्या हातीं राहिली, कारण कोणीतरी ती वेळेवर मोजून लिहून ठेविली.